हसत-खेळत लागलेला खुनाचा छडा

आज दुपारी मारतहळ्ळीत, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जुना कृष्णधवल डिटेक्टिव्ह सिनेमा लावला होता. सुटाबुटातला हौशी गुप्तहेर विनोद करत खुनाचा तपास करत होता.

कपाटातून प्रेत पडलं आणि सगळे हसले. माझ्या शेजारच्या फ्लॅटमधल्या सुमित्राअक्का मात्र उठून बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले.

"अक्का, बरं वाटत नाहीये का?"

"माझ्या मुलाला रिंग रोडवर गाडीनं उडवलं, जागीच गेला. चार वर्षं झाली. गाडी कुणाची, अजून कळलं नाही. पोलीस म्हणतात, स्वल्प थांबा, अजून थोडं थांबा."

दोन वर्षं आमची भिंतीला भिंत आहे, आणि मला हे माहीत नव्हतं.

"तू जा, शेवट बघ," त्या म्हणाल्या. "खुनी सापडेल आता."

मी गेले नाही. त्यांच्याजवळ पायरीवर नुसती बसून राहिले. तुम्ही काय बोलला असतात?