बाईंनी मागे घेतलेला निबंध

वत्सलाबाई लोणारे यांची आणि माझी पहिली भेट नागपूरच्या आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर झाली. वनस्पतिशास्त्र विभागात मी नुकतीच रुजू झाले होते. बाई कुठे भेटतील असे विचारले, तर शिपायाने वर बोट दाखवले. बाई भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन, व्हॅसलीन लावलेली काचपट्टी खांबाला बांधत होत्या. "हवेत जे उडतं ते हिच्यावर चिकटतं," एवढेच म्हणून त्यांनी दोरीचे एक टोक माझ्या हाती दिले. त्या दिवसापासून मी त्यांची सहकारी झाले आणि, खरे सांगायचे तर, विद्यार्थिनीही.

बाईंचा विषय परागकण. बाभळीचा, कडुनिंबाचा, गवताचा कण त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहताक्षणी ओळखतात. शहराजवळचे कोराडीचे कोळशावरचे वीजकेंद्र सुरू झाल्यावर काचपट्ट्यांवर राखेचे बारीक गोल मणी दिसू लागले. मग दिसू लागले धागे. सुताचा तंतू पीळ पडलेल्या फितीसारखा असतो. हे मात्र सरळ, गुळगुळीत होते आणि तापलेली सुई जवळ नेली की आक्रसून वितळत. नायलॉन-टेरिलीनचे होते ते. शहराच्या हवेत असे धागे असणारच, म्हणून बाई पेंचच्या जंगलात, वस्तीपासून दूर, काचपट्ट्या लावून आल्या. तिथेही धागे सापडले, बहुतेक हिरवे. त्यावर त्यांनी निबंध लिहिला. आमच्याच महाविद्यालयात भरणाऱ्या परिषदेत तो वाचायचा होता. विभागप्रमुखांनी पाहुण्यांना आवर्जून बोलावले होते आणि बाईंच्या बढतीचा निर्णयही त्याच सुमारास व्हायचा होता.

परिषदेच्या आदल्या दुपारी बाईंनी मला प्रयोगशाळेत बोलावले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन धागे शेजारी-शेजारी ठेवले होते. रंग एक, जाडी एक.

"एक जंगलातला आहे," बाई म्हणाल्या, "आणि दुसरा माझ्या पदराचा."

जंगलात त्या नायलॉनचे हिरवे पातळ नेसून गेल्या होत्या.

"पण सगळेच धागे तुमचे कशावरून?" मी विचारले.

"नाहीत कशावरून?"

विभागप्रमुखांना हे कळले तेव्हा ते हताश झाले. "बाई, कोणाला कळणार आहे? वाचून टाका."

बाई एरवी प्रमाण मराठी बोलतात. मनातले बोलायची वेळ आली की त्यांच्या गावची, कामठीची बोली बाहेर येते. त्या शांतपणे म्हणाल्या, "मले कळलं ना, सर."

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर जाऊन त्यांनी सांगितले, "हे धागे जंगलातले नसून माझ्याच पातळाचे असावेत. निबंध मी मागे घेते." सभागृहात हशा पिकला. बढती दुसऱ्याला मिळाली. त्या आठवड्यात बाईंनी एकही तास चुकवला नाही. कामठीहून येणाऱ्या मुलींची बस चुकू नये म्हणून प्रात्यक्षिकाची वेळ त्यांनी पूर्वीच भांडून अलीकडे आणली होती. त्या आठवड्यातही मुलींना त्या वेळेवर सोडत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कडवटपणा शोधत होते. तो दिसला नाही. थकवा मात्र दिसला.

थंडी पडल्यावर त्या मला म्हणाल्या, "येतेस? पण अंगावर फक्त सूत." आम्ही दोघी सुती पातळे नेसून पुन्हा पेंचला गेलो. स्वेटर घरी ठेवले होते. वनखात्याच्या चौकीदाराची बायको, सुगंधाबाई, आमची दशा पाहून म्हणाली, "काहून वं बाई, अशा कुडकुडून राहिल्या? गरम कपडे नाही आणले काय?"

"आणले असते तं त्याचेच धागे सापडले असते मले," बाई म्हणाल्या.

सुगंधाबाईला यातले काय उमगले कोण जाणे, पण तिने जुन्या लुगड्यांची गोधडी आणून आम्हा दोघींच्या अंगावर टाकली. झाडावर बांधलेल्या प्रत्येक काचपट्टीबरोबर एक पट्टी बाईंनी डबीत बंद ठेवली होती. आमच्याच हातून काही चिकटले असते, तर ते त्या बंद पट्टीवरही दिसले असते.

नागपूरला परतल्यावर बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसल्या. हिरवे धागे नव्हते. बंद पट्ट्या स्वच्छ होत्या. उघड्या पट्ट्यांवर मात्र तापल्या सुईने वितळणारे निळे आणि बिनरंगी धागे होते.

"थोडे आहेत. पण आहेत," त्या म्हणाल्या. मी आनंदाने टाळीच वाजवली. बाईंनी मान वर केली. "टाळी कशाची, गं? तिथंसुद्धा पोचले ते."

नवा निबंध छोटा होता. सुरुवातीला त्यांनी आपली आधीची चूक सांगितली आणि शेवटी लिहिले की हे धागे कोठून आले ते मला सांगता येत नाही. तो वाचला गेला तेव्हा सभागृहात कोणी हसले नाही. विभागप्रमुख पुढच्या रांगेत बसले होते. बाई खाली उतरल्या तेव्हा ते उठून उभे राहिले.

बढती पुढे उशिरा मिळाली. त्या उशिराबद्दल बाईंच्या तोंडून तक्रारीचा शब्द आम्ही कधी ऐकला नाही. आता बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांनी घडवलेल्या मुली विदर्भातल्या कितीतरी शाळा-महाविद्यालयांत शिकवत आहेत आणि "नाहीत कशावरून?" असे स्वतःला विचारत आहेत. ज्या हवेची बाईंनी एवढी काळजी वाहिली, ती पुढची अनेक वर्षे त्यांना निरोगी छातीत, सुखाने भरून घेता येवो.