दर्याकडं ठेवलेला भाऊ

धाकटा भाऊ गेल्यावर मी देवापुढं दिवा लावणं सोडलं होतं. आमच्या तामलवाडीत समुद्र पाहिलेली माणसं थोडीच. त्यात हा पोरगा मालवाहू जहाजावर नोकरीला लागला, आणि वादळात डेकवरून वाहून गेला. कंपनीचा फोन आला, शोध थांबवल्याचंही फोनवरच कळलं. देह सापडला नाही. नातेवाईक म्हणाले, पिठाचा पुतळा करून क्रियाकर्म उरका. आई कुणाला पिठाला हात लावू देईना. तिनं अन्न तोडलं, पाण्याचा तांब्या समोर धरला तरी तोंड फिरवायची. "जन्मभर पाण्यापायी वणवण केली," म्हणायची, "अन् पाण्यानंच पोर नेलं."

डॉक्टरांची सलाईन झाली. तरी ती दिवसेंदिवस वाळतच चालली. शेवटी, मनात काडीचा विश्वास नसताना, मी तिला सोनारीला घेऊन गेलो. भैरवनाथ आमचं कुलदैवत. त्याच्यापुढं उभा राहूनही मला रागाशिवाय काही वाटलं नाही. दर्शन करून बाहेर आलो, तर ओवरीत आई मटकन खाली बसली. तिचे डोळे फिरले.

शेजारी एक बाई नारळाच्या तुकड्यांवर टपलेल्या माकडांना हाकलत होती. आईच्याच आसपासचं वय, बोलणं कोकणाकडचं. ती धावत आली, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटलीचं पाणी ओठांना लावलं. आईनं हात झटकला. मी ओशाळून सगळी हकीकत सांगितली.

"माजा घरवाला पन दर्यान गेला, बाय," ती म्हणाली. "आजून गावला नाय."

आईनं कितीतरी दिवसांनी कुणाच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "मंग तू त्या दर्याला शिव्या न्हाय घातल्या?"

"लय घातल्या. पन आमच्या पिढ्या त्याच्याच जीवावर जगल्या. सासरा गेला, त्याचा बाप गेला. तरी माजा पोरगा परत होडी घेऊन गेलाच. नारली पुनवेला मी रडत रडत दर्याला नारल दिला."

मग आईनं जे विचारलं ते तिच्या मनात इतके दिवस होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"तिथं लई गार असंल का गं? माझं लेकरू एकटंच हाय."

"एकटा कशान? आमची किती मानसं हायेत तिथं. माजा घरवाला तुज्या पोराला टाकून नाय जायाचा."

आई हमसून हमसून रडली. गेल्याची बातमी आल्यापासून पहिल्यांदाच. मग त्या बाईच्या हातून ती पाणी प्याली, थोडं थोडं.

मी चहा आणायला गेलो. परत येईपर्यंत त्या बाईंची गाडी निघून गेली होती. त्यांचं गाव विचारायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर आई आपण होऊन म्हणाली, "भटजीला बोलवा." आम्ही पुतळा करून विधी केला. दुःख सरलेलं नाही. आई अजूनही जेवता जेवता मधेच थांबते. त्या दिवशी त्या बाई तिथं का होत्या, हे मी शोधत बसत नाही. त्यांचे उपकार आहेत, एवढंच जाणतो. पुन्हा दिवा लावू लागलो आहे. नाथापुढं हात जोडतो तेव्हा काही मागत नाही. जो दर्या मी कधी पाहिला नाही, त्याच्याकडं माझा भाऊ ठेवलाय, त्याला सांभाळ, इतकं म्हणतो आणि उठतो.