गेस्ट हाऊसच्या अंगणातला दहावा

बाबा गेले तेव्हा आम्ही तोक्योच्या एदोगावा भागातल्या एका गेस्ट हाऊसमध्ये राहत होतो. गेस्ट हाऊस म्हटल्यावर पांढऱ्या चादरी आणि सकाळचा नाश्ता डोळ्यांसमोर येतो, तसलं काही नव्हतं ते. जुनं दुमजली घर, एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड, आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागचं कपडे वाळत घालायचं अंगण सगळ्यांचं मिळून. पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरवाल्यांची तेव्हा तोक्योला रीघ लागली होती. कंपन्या माणसं बोलवत होत्या, पण भाड्याने घर मागायला गेलं की परदेशी चेहरा बघून एजंट लवून लवून नाही म्हणायचे. हमी द्यायला जपानी माणूस हवा, तो आम्ही कुठून आणणार? त्यातून नवऱ्याचं कंत्राट दर वेळी थोड्या महिन्यांपुरतंच वाढायचं. तात्पुरती म्हणून घेतलेल्या त्या खोलीत आमचा संसार चांगलाच मुरला होता.

नवरा तोयोसुच्या ऑफिसला गेला, बाकीचेही आपापल्या कामाला पांगले की घरात दोघीच उरायचो. मी आणि मालकीण. ती खालच्या मजल्यावर राहायची, सत्तरी ओलांडलेली. सगळे तिला ओबासान म्हणत, म्हणजे काकूच. मी मनातल्या मनात काकू म्हणायचे. या काकूंचं जगात एकाच जमातीशी वैर होतं, ते कावळ्यांशी. तोक्योचे कावळे आपल्यासारखे करड्या मानेचे, सडपातळ नसतात. काळेकुळकुळीत आणि दांडगे. कचऱ्याच्या दिवशी पिशव्यांवर घातलेली जाळी जरा वर राहिली की उष्टं-खरकटं रस्ताभर. म्हणून कचऱ्याची गाडी येऊन जाईपर्यंत काकू झाडू घेऊन कोपऱ्यावर उभ्या असायच्या. कावळेही त्यांना ओळखून होते. त्या दारात दिसल्या की तारेवरून उठून समोरच्या इमारतीवर जाऊन बसायचे.

दादाचा फोन नवऱ्याच्या मोबाइलवर आला. भर दुपारी नवऱ्याला दारात बघितलं आणि मला काही सांगावं लागलं नाही. बाबा सकाळी पेपर वाचता वाचता गेले होते. मला आठवा महिना सरत आलेला. विमानात कोणी घेईना, डॉक्टर नको म्हणाले. मी रडले, भांडले, कोणाशी भांडले तेही आठवत नाही. शेवटी राहिले तिथेच.

आई फोनवर म्हणाली, "लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचंच सुतक गं. तू काही करायचं नाहीस. आणि अशा अवस्थेत तर मुळीच नाही. दादा करतोय ना सगळं."

दादा करतोय ना. हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. बाबांनी दादाला आणि मला कधी वेगळं धरलं नव्हतं. वीज खात्यातल्या कारकुनाच्या पगारात त्यांनी मला इंजिनिअर केलं, आणि तेही काही न बोलता. बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. मागणं तर नाहीच. चहा हवा असेल तर "सगळ्यांचा झाला का?" असं विचारायचे, आम्ही समजून घ्यायचो. मी चांगली चालू नोकरी सोडून नवऱ्यामागे जपानला निघाले तेव्हाही ते काही म्हणाले नाहीत. बॅगेच्या कुलपाची किल्ली तेवढी दोनदा तपासून दिली. मग फोनवर प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "दिवसभर करमतं का तुला?" एकदा म्हणाले, "तिकडे बायकासुद्धा ऑफिसात जातात म्हणे." मी म्हटलं, "जातात की. त्यांना जपानी येतं." त्यावर ते हसले आणि फोन आईकडे दिला.

त्यामुळे दहावा जवळ आला तसं माझ्या डोक्यात एकच बसलं. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाचं काही राहिलंय असं आपल्यात समजतात, मग घरचे एकेक जण पुढे होऊन त्याला शब्द देतात. पुण्यात घाटावर दादा आईला सांभाळायचा शब्द देईल, काका आणखी कशाचा देतील. पण बाबांचं काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि तो शब्द माझ्याशिवाय कोणी देऊ शकत नव्हतं. तो मला त्यांना द्यायचा होता. न भेटता गेलेल्या बापाला आणखी काय देणार होते मी?

आदल्या दिवशी मी काकूंना विचारायला गेले. माझं जपानी म्हणजे बाजारहाटापुरतं, किमती आणि 'हाय', म्हणजे हो. वडील वारले एवढं त्यांना कळलं होतं, त्या दिवशी त्यांनी मला वाकून नमस्कारही केला होता. मी म्हटलं, वडील, उद्या, भात, कावळा. त्यांना वाटलं मी चुकतेय. मी पुन्हा म्हटलं, कावळ्याला भात. वडिलांसाठी. काकूंनी दोन्ही हातांची फुली केली. "दामे!" म्हणजे चालणार नाही. मग पुष्कळ काही बोलल्या, त्यातलं 'शेजारी' एवढंच मला कळलं. मीही मराठीत तोंडाला येईल ते बोलून वर निघून आले.

"अगं, नदीवर जाऊ या आपण, मी रजा काढतो," नवरा म्हणाला. पण त्या आठवड्यात त्याला रजा मागणं म्हणजे पुढचं कंत्राट घालवणं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "तू जा ऑफिसला. मी बघते."

सकाळी घर रिकामं झाल्यावर मी आंघोळ केली, भात लावला. तिथला भात चिकट, पिंड वळायला बरा. काळे तीळही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मंत्र मला येत नव्हते. दर्भ नव्हता. थर्माकोलच्या एका ताटलीत पिंड ठेवून मी मागच्या अंगणात गेले, वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे ठेवला आणि मागे सरून उभी राहिले. पोटावर हात धरून.

तारेवर एक कावळा होता. त्याने बघितलं. मान वाकडी करून पुन्हा बघितलं. आला मात्र नाही.

मी म्हटलं, "बाबा, आईला इकडे आणीन." कावळा जागचा हलला नाही. "बाळाला मराठी शिकवीन. दर वर्षी घेऊन येईन पुण्याला." तो हलेना. आता उरलं होतं तेच एक, आणि तेच तोंडातून निघत नव्हतं. महिन्याभराने मूल होणार, भाषा येत नाही, व्हिसा नवऱ्याच्या जिवावरचा. कशाच्या भरवशावर सांगू? बाबांना खोटं सांगायची छातीही होत नव्हती. तरी मी शब्द जुळवत होते.

तेवढ्यात मागे काही वाजलं म्हणून वळून पाहिलं. दारात काकू उभ्या होत्या, हातात झाडू. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग तारेवरच्या कावळ्याकडे. तो कोणाकडे बघतोय ते त्यांच्या माझ्याआधी ध्यानात आलं. त्या झाडू घेऊन आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

कावळा धपकन खाली उतरला. एकदा चोच मारली, दुसऱ्यांदा मारली आणि अर्धा पिंड घेऊन उडाला.

मी बघतच राहिले. माझं अजून म्हणून झालं नव्हतं! शिवला म्हणून माणसं सुटल्यासारखा श्वास टाकतात, डोळे पुसतात. मला रागच आला, बाबांचा. शेवटच्या वेळीसुद्धा माणसाने काही मागितलं नाही. निदान आज तरी अडून बसायचं होतं. बाकीचे सगळे शब्द देऊन संपायचे आणि मग मी हा द्यायचा, असं ठरवून आले होते मी. मी तिथेच, ओल्या चादरींच्या मधे, हुंदके देऊन रडले. बातमी आल्यापासून तशी रडले नव्हते.

काकू झाडू आणि सुपली घेऊन बाहेर आल्या. शेजाऱ्यांनी बघायच्या आत सांडलेली शितं भरायला लागल्या.

"मी नोकरी करीन," मी त्यांना म्हटलं. मराठीत, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "कशी ते माहीत नाही. पण करीन."

काकू वाकल्या होत्या त्या सरळ झाल्या. समोर उभं राहून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान लववून म्हणाल्या, "हाय."