जांब चोरला अन् होमवर्क झाला

शनिवारी दुपारी नागपूरच्या कळमन्यात, आमच्याच मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात, मी सहा वर्षांच्या एका पोरीच्या हातातला जांब हिसकून खाल्ला. जांब म्हणजे पुण्यावाल्यांनो, तुमचा पेरू... अन् हाव, पूर्ण शुद्धीत खाल्ला.

पोरगी रोशनी. तिची आई म्हणजे आमची दुलारी भाभी, छत्तीसगडची. नवरा मार्केट यार्डात हमाली करते, खोली आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. नावं बदलली आहेत, अन् भाभीले विचारूनच लिहून राहिलो, उगाच कमेंटमध्ये शाणपणा नका शिकवू.

तं भाभी फोन घेऊन आली, तोंड पार उतरलेलं. शाळेच्या ॲपवर इंग्रजीत मेसेज होता. इंग्रजीचं अन् माझं बारावीपासून वाकडं आहे, म्हणून फोनलेच म्हटलं, बावा तूच मराठी कर. निघालं असं... मुलीसोबत मातृभाषेत गोष्ट सांगतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा.

खरं टेन्शन वेगळंच होतं. रोशनी वर्गात तोंडच उघडत नाही. मॅडमनं मातृभाषेतल्या गोष्टीचं भाभीले आधीच शाळेत सांगितलं होतं, अन् हेही, की व्हिडिओतही नाही बोलली तं कानाच्या डॉक्टरले दाखवून चिठ्ठी आणा, पुढच्या वर्गात बसवायचं का नाही ते मग पाहू.

"भैया, मेरी बच्ची गूंगी तो नहीं है ना?" भाभीनं विचारलं. मले! ज्याले लोक फक्त चार्जर ओरिजिनल आहे का, एवढंच विचारतात.

तयारी मात्र जोरदार करून आली होती. यूट्यूबवर पाहून पाहून एक मराठी गोष्ट तोंडपाठ. मी म्हटलं, "काहून वं भाभी, मराठी काहून?"

"मातृभाषा में बोला है ना. यहाँ की मातृभाषा तो मराठी है."

आता सांगा... बोलण्यात लॉजिक होतं! मलेही पटलं अन् मी मुकाट्यानं कॅमेरा लावला.

मग भाभी आमदार शपथ घेते तशी सरळ बसली अन् गोष्ट म्हणायले लागली. मधातच अडकली, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडकली. बाजूले रोशनी तिखट-मीठ लावलेला जांब हातात धरून पंख्याकडे पाहून राहिली. तिले त्या गोष्टीतलं ढेकळंही समजून नव्हतं राहिलं.

मी विचारलं, घरी हिच्याशी कोणत्या भाषेत बोलता? भाभी म्हणे, हिंदीत. "इसके पापा ने मना किया है, बच्ची से अपनी बोली नहीं, बस हम दोनों आपस में. नहीं तो ये भी बोरा ढोएगी."

पण भाभीची हिंदी किती, तं दुकानदारापुरती. पोरीसाठी तिच्याजवळ हिंदीची वाक्यंच मोजकी... खाना खा, चुप बैठ, सो जा. मले एकदम कसंतरी झालं. मायलेकी एका खोलीत राहतात अन् त्यांच्यात एवढंच बोलणं?

माझं डोकं असं आहे, की त्याले गंभीर काही सहन होत नाही. कॅमेरा चालूच होता. मी हात लांबवला, रोशनीचा जांब घेतला अन् मोठ्ठा चावा मारला. नंतर उरलेलाही तोंडात घातला.

भाभी उठलीच. "रोगहा! मोर नोनी के बिही ला काबर खाए रे?"

नोनी म्हणजे पोरगी, बिही म्हणजे जांब, काबर म्हणजे आपलं काहून, तुमचं का. रोगहा म्हणजे काय ते नका विचारू, माझ्या आईनं ही पोस्ट वाचली तं तीही मान हलवेल. त्यानंतर भाभी जी सुटली... माझं खानदान, माझे केस, माझं दुकान, काही सोडलं नाही. मराठीत अडकणारी बाई हीच का, असं वाटलं.

रोशनी आईच्या तोंडाकडे पाहतच राहिली. मग एकदम माझ्याकडे बोट करून ओरडली, "दाई, सब्बो बिही ला खा डारिस!" आई, यानं सगळाच खाल्ला.

भाभी तशीच खाली बसली. मग पोरीले मांडीवर ओढलं अन् आपल्या बोलीत काही सांगायले लागली. मले चार आण्याचं समजलं... माहेरी बिहीचं झाड होतं, एक बंदर रोज येऊन फळं न्यायचं, दिसायले थेट या भैयासारखं. रोशनी प्रश्नावर प्रश्न. बंदराचं घर कुठं? त्याले आई होती का? त्याले कोणी मारलं तं नाही ना?

गोष्ट संपल्यावर मी कॅमेरा बंद केला.

"हा घ्या तुमचा होमवर्क," मी म्हटलं. भाभी घाबरली. "डिलीट कर दो भैया, स्कूलवाले हँसेंगे. इसके पापा गुस्सा करेंगे."

मी काही समजावलं नाही, समजावणं मले येतही नाही. मले दिलेल्या शिव्यांचा भाग कापला अन् व्हिडिओ तिच्या हातात दिला. तिनं पाहिला. पुन्हा पाहिला, पण या वेळी फक्त पोरीचा चेहरा पाहून राहिली होती. मग पदरानं स्क्रीन पुसली अन् सेंडचं बटन स्वतःच दाबलं.

मॅडमचा व्हॉइस मेसेज संध्याकाळी आला. भाभी तो ऐकवायले धावतच दुकानात आली, मागं नवराही, अंगावर यार्डाची धूळ तशीच. मॅडम म्हणत होत्या, "मला भाषा फारशी कळली नाही हो, पण केवढी बोलते ही! सोमवारी तुम्हीही वर्गात या, मला तिच्याशी बोलायला दोन वाक्यं शिकवा." डॉक्टरचं नावही नाही.

नवरा उकिडवा बसला, रोशनीले जवळ घेतलं अन् हळूच आपल्या बोलीत विचारलं, त्या बंदराचं पुढं काय झालं म्हणून.

मॅडम, तुम्ही फेसबुकवर असाल तं... थँक्यू. समजलं नाही तरी तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं.