तळहातावरचं कॅन्सस

काका उजवा तळहात आपल्यासमोर आडवा धरायचे. बोटांची टोकं म्हणजे न्यूयॉर्क-बॉस्टनचा किनारा आणि मनगट म्हणजे कॅलिफोर्निया. मग डाव्या हाताचा अंगठा तळव्याच्या मधोमध दाबून विचारायचे, "अन् हे मधलं पाहिलं का?"

पूर्व किनाऱ्याकडच्या आमच्या कॅरी गावातल्या शनिवारच्या पार्ट्यांमध्ये हा प्रश्न इतक्यांदा विचारला जायचा, की मुलं लांबूनच तळहात दाखवून पळायची. अशा पार्ट्यांना तुम्हीही गेला असाल. मुलं अकरावीत गेली की आईबापांना कॉलेजखेरीज विषय उरत नाही. कोणतं कॉलेज, किनाऱ्यापासून किती आत आणि विमानतळ किती जवळ. काका कॅन्ससमध्ये शिकलेले, म्हणून आम्ही त्यांचं नाव मका-काका ठेवलं होतं. "अरे, मका आयोवात. आमच्याकडे गहू," असं ते दरवेळी सांगायचे. पण नाव काही आम्ही बदललं नाही.

ते मूळचे नागपूरच्या इंदोऱ्याचे. शिकले मातीबद्दल आणि नोकरी केली कॉम्प्युटरवर, म्हणजे आपल्यातल्या अर्ध्या लोकांसारखंच. ऑफिसात माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसायचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, एकटेच. डब्यातलं लोणचं सगळ्यांना वाटायचे आणि स्वतःला विसरायचे.

कॅन्ससला गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांचं वसतिगृह सुट्टीसाठी बंद झालं. तेव्हा गावाबाहेरच्या एका शेतकरी जोडप्याने त्यांना आठवडाभरासाठी घरी नेलं, ते थेट पुढच्या गव्हाच्या कापणीपर्यंत ठेवून घेतलं. ही गोष्ट सांगताना काका एकदा म्हणाले, "आपल्यात आडनाव विचारतात अन् मग गप्प होतात. त्या आजीनं नाव विचारलं, अन् मग विचारलं, जेवला का?"

मी विषय बदलला. विषय बदलण्यात मी पहिल्यापासून वाकबगार आहे.

दुसऱ्या एका शनिवारी मीच म्हणालो होतो, "पण काका, तिकडची माणसं जरा मागासलेलीच ना?" ते पोह्यांवर शेव घालत होते. शेव नीट पसरून झाल्यावर म्हणाले, "हा शब्द मी लहानपणापासून ऐकून राहिलो. दुसऱ्या कोणाबद्दल आज पहिल्यांदा ऐकला." आणि हसून त्यांनी शेवेचा डबा माझ्याकडे सरकवला. मीही हसलो. काय ऐकलं ते मला घरी पोचल्यावर कळलं.

माझ्या मुलीचं, ईशाचं, मात्र त्यांच्याशी गूळपीठ. आठवीत तिला शाळेचा मातीवरचा प्रोजेक्ट होता. काका दह्याच्या रिकाम्या डब्यांत पाच ठिकाणची माती भरून घेऊन आले आणि आमच्या डायनिंग टेबलावर पेपर पसरून बसले. माती बोटांत चोळायची, वास घ्यायचा, मग बोलायचं, असा त्यांचा शिरस्ता. बायकोने कपाळाला हात लावला. ईशा मात्र त्या दिवसापासून माती शिकायचं म्हणू लागली. बारावीत तिने काकांच्या विद्यापीठात अर्ज केला आणि तिला तिथे प्रवेश मिळालाही.

इथे माझी झोप उडाली. दुसरा होकार मॅसॅच्युसेट्समधल्या एका कॉलेजचा होता, ज्याचं नाव पार्टीत नुसतं उच्चारलं तरी पुरे. खरं सांगतो, मुलगी कॅन्ससला सुखी होईल का, हा प्रश्न मला पडलाच नाही. लोकांना काय सांगू, एवढाच पडला.

"काका म्हणतात एकदा पाहून तर या," ईशा म्हणाली. "ही विल ड्राइव्ह अस, बाबा. प्लीज."

काकांनी सगळं ठरवून टाकलं होतं. विमान नको, वरून मधलं दिसत नाही. दोन दिवसांचा रस्ता. त्यांनी गाडीचे टायर बदलून घेतले, जुन्या अॅटलासमध्ये पेन्सिलीने रेघ मारली आणि कॅन्ससच्या आजींना फोन करून कळवलं. आजोबा तोवर गेले होते, पण आजी होत्या. त्यांनी वरच्या खोलीतले दोन पलंग आवरले, असं काका मला दोनदा सांगून गेले. मी हो हो म्हणत राहिलो. मला भीती एकच होती. तिथे जाऊन ईशाला ते आवडलं तर?

निघायच्या सकाळी मी काकांना मेसेज केला. "सॉरी काका, ऑफिसचं रिलीज आलंय. ट्रिप कॅन्सल करावी लागेल."

आता तुम्हीच पाहा. ऑफिस एक, टीम एक. रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढणं, खरंच असतं तर ते माझ्याआधी त्यांना कळलं असतं. थाप मारायची तर निदान माणूस बघून मारावी, एवढीही अक्कल मला त्या सकाळी नव्हती. ईशालाही मी तेच कारण सांगितलं.

काकांचं उत्तर आलं, "ठीक आहे. काम आधी."

ते एकटेच गेले. आजीने चादरी घातल्या होत्या, कोणीतरी जायला हवं होतं. परत आले ते ईशासाठी आजीने केलेल्या जॅमची बाटली घेऊन. मला काही विचारलं नाही, काही सुनावलं नाही. फक्त त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी तळहात कधी पुढे केला नाही. बाकीच्यांना करायचे. हे माझ्या लक्षात यायला काही महिने लागले.

ईशा मॅसॅच्युसेट्सला गेली. तिथे मातीचा विषय नव्हता, म्हणून अर्थशास्त्र घेतलं. आज चांगल्या नोकरीत आहे. विचारलं तर "आयॅम फाइन, बाबा," म्हणते, आणि तिचं वाईट चाललंय असं मीही म्हणणार नाही. पण कुंडीत रोप लावताना ती अजून माती बोटांत चोळते, वास घेते. त्या वेळी मी दुसरीकडे बघतो.

काका निवृत्त झाले आणि कॅन्ससला राहायला गेले. निरोपाच्या पार्टीत आम्ही त्यांना मक्याच्या कणसाचं चित्र असलेला केक दिला. त्यांनी तो कापला, सगळ्यांना वाटला आणि म्हणाले, "गहू, बाप्पा, गहू."

गेल्या जूनमध्ये ईशाचा फोन आला. "बाबा, काका गेले." ती त्यांच्याशी अधूनमधून बोलत असे, हेही मला तेव्हाच समजलं. मी विमानाची तिकिटं बघायला लागलो तर म्हणाली, "नो. वी आर ड्रायव्हिंग."

दोन दिवस आम्ही त्याच रस्त्याने गेलो. अॅटलास काकांनी तिला देऊन ठेवलेला होता आणि पेन्सिलीची रेघ तशीच होती. मधलं काय असतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. वर्णन करत नाही, मला तो अधिकार नाही.

चर्चच्या हॉलमध्ये माणसं मावत नव्हती. एका टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि काकांचा फोटो होता. विदर्भातून तिथे शिकायला आलेल्या चार-पाच मुलांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि टोप्या काढून उभे असलेले शेतकरी खाली मान घालून ऐकत होते. काकांचं नाव ते सगळे नीट उच्चारत होते. मका-काका तिथे कोणी नव्हतं.

नंतर आजींनी आम्हाला घरी नेलं. नव्वदीच्या पुढच्या, कंबरेत वाकलेल्या. जिन्याचा कठडा धरत वर आल्या, खोलीचं दार उघडलं. दोन पलंग, दोन गोधड्या. "खिडकीजवळचा मुलीचा," त्या म्हणाल्या. "त्याने तेव्हाच सांगून ठेवलं होतं." मग माझ्याकडे वळून अगदी आपुलकीने विचारलं, "तुमच्या ऑफिसचं ते रिलीज नीट पार पडलं ना? तुम्ही येऊ शकला नाहीत म्हणून तो फार हळहळत होता. म्हणाला, बिचाऱ्यावर कामाचा फार ताण आहे."

माझी थाप काकांनी अकराशे मैल नेऊन खरी म्हणून सांगितली होती.

"हो," मी आजींना म्हणालो. "नीट पार पडलं."

त्या टॉवेल आणायला गेल्या तेव्हा मी ईशाला मराठीत सांगितलं, "रिलीज नव्हतं गं."

"आय नो, बाबा," ती म्हणाली. "काका तुमच्याच टीममध्ये होते ना."

मग तिने आपली बॅग खिडकीजवळच्या पलंगावर ठेवली आणि बाहेर बघत बसली. बाहेर गहू कापणीला आला होता.