लॉकरच्या मॅडम आणि झोपेची चोरी

"चोरी नंतर. आधी माणसं," असं म्हणून आमच्या लॉकरच्या मॅडम उजव्या हाताचं पहिलं बोट दुमडायच्या. समोर कोण बसलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. लॉकर उघडायला आलेलं गिऱ्हाईक असो, नाहीतर एसी दुरुस्त करायला आलेला माणूस. "एक कुलपवाला. बोटांत जादू, पण हात थरथरतात. दुसरी आंधळी बाई. भिंतीला कान लावते आणि पलीकडच्या खोलीत किती जण आहेत ते सांगते. तिसरा आचारी..." असं करत एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं मिटली, की दोन्ही मुठी टेबलावर ठेवायच्या. "सात जण. एकही धड नाही. आणि जगातली सगळ्यात अवघड तिजोरी. आता सांगा, वाचणार की नाही?"

पनवेलमधल्या आमच्या बँकेच्या शाखेत त्या बावीस वर्षं लॉकर सांभाळत होत्या. ठेंगणी, गोरी मूर्ती, पंजाबी ड्रेस, कमरेला चाव्यांचा जुडगा. अर्ध्या गावाचं सोनं ज्या बाईच्या ताब्यात, तिनं दिवसभर लोकांना चोरीची कादंबरी वाचायला सांगावी! पण तुम्ही त्यांना एकदा सांगताना ऐकलं असतंत, तर पुस्तक पिशवीत घालूनच बाहेर पडला असतात.

कादंबरी इंग्रजी, सहाशे पानांची, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली. गोष्ट एका काल्पनिक शहराची. तिथल्या राजानं सगळ्या प्रजेची झोप काढून घेतलीय आणि राजवाड्याच्या तळघरात कुलूपबंद केलीय. ती चोरायला हे सात जण निघतात.

"मेख कुठे आहे माहितीय?" मॅडम पुढे झुकून विचारायच्या. "पहारेकऱ्यांनाही झोप नाही. झोपाळू पहारेकऱ्याला कोणीही चुकवेल गं. ज्याला डुलकीच लागत नाही, त्याला कसं चुकवायचं?"

"मग कसं चुकवतात?"

"पान दोनशे दहा," एवढंच उत्तर.

एकदा मुख्य कार्यालयातून तपासणीला साहेब आले. कडक माणूस. मॅडमच्या टेबलावरचं पुस्तक उचलून त्यांनी मागचा मजकूर वाचला आणि भुवया चढवल्या. "मॅडम, लॉकर विभागात तिजोरी फोडायचं पुस्तक?"

"अभ्यास, साहेब," मॅडम म्हणाल्या. "समोरचा काय विचार करतो ते आपल्याला कळायला नको?"

साहेबांनी पुस्तक जप्त केल्यासारखं बॅगेत टाकलं. आम्हाला वाटलं, आता मेमो येतो. तीन आठवड्यांनी कुरिअर आलं. आत पुस्तक आणि एक चिठ्ठी: 'उत्तम. मी आचारी असावा असे वाटते. आपले मत कळवावे.'

कारण मॅडमची ती रीतच होती, साहेबांच्याही कानावर गेलेली. पुस्तक वाचून परत देणाऱ्याला त्या सांगायच्या, सातांपैकी तू कोण. आमचे मॅनेजर साहेब म्हणजे गोडबोल्या, ज्याचं बोलणं ऐकून शत्रू स्वतःच्या हातानं दार उघडतो. दारावरचे गार्डकाका, फौजेतून निवृत्त झालेले, म्हणजे राजवाड्याचा माजी पहारेकरी, जो आता या टोळीत आलाय. गार्डकाकांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना मॅडमनी अख्खी गोष्ट जेवणाच्या सुट्टीत, महिनाभर, मराठीतून सांगितली होती.

मी बँकेत नवी होते. माझं इंग्रजी अर्ज आणि फॉर्मपुरतं. नव्वदाव्या पानावर अडकले, तेव्हा म्हटलं, "मॅडम, मला नाही जमत. तुम्ही सगळ्यांच्या एवढ्या मागे का लागता?"

त्या डबा बंद करत होत्या. म्हणाल्या, "माझे मिस्टर गेले ना, तेव्हा आठ महिने मला झोप नव्हती. गोळ्या झाल्या, काढे झाले. लेकीनं इस्रायलहून हे पुस्तक पाठवलं. रविवारी दुपारी वाचायला बसायचे. कुठली कोण ती सात माणसं, सगळ्या गावाची झोप आणायला निघालेली. एका रविवारी वाचता वाचता डोळा लागला. उठले तेव्हा अंगणात ऊन नव्हतं आणि गालावर पानाचा वळ उठला होता." मग हसून म्हणाल्या, "गुण आलेलं औषध माणूस शेजाऱ्याला सांगतोच की."

त्यानंतर मी शब्दकोश घेऊन बसले. अडीच महिन्यांत पुस्तक संपवलं आणि परीक्षेचा निकाल घ्यायला जावं तशी त्यांच्यासमोर उभी राहिले. मनात होतं, आंधळी बाई म्हणाल्या तर बरं.

"तू सातवी. दोरवाली."

मला रागच आला. सहा जण तटावरून आत उतरतात, भन्नाट पराक्रम करतात, आणि ही सातवी तटाबाहेर दोर धरून उभी. बस्स. "तिला तर धड चार वाक्यंही नाहीत," मी म्हटलं.

"परत वाच," मॅडम म्हणाल्या आणि लॉकरच्या खोलीत निघून गेल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

मग तो शुक्रवार आला. दुसऱ्या दिवशी बँकेला सुट्टी, पुढे रविवार, सोमवारी सण. सकाळी अकराला गव्हाणच्या एक आजी लॉकर उघडायला आल्या. शनिवारी त्यांच्या नातीची हळद. आगरी माणसांच्या हळदीचा थाट काही वेगळाच. सासूनं आजींना दिलेली पुतळ्यांची माळ आजी स्वतःच्या हातानं नातीच्या गळ्यात घालणार होत्या. मॅडमनी बँकेची चावी फिरवली. आजींनी आपली चावी घातली, जोर लावला, आणि चावीचा अर्धा तुकडा कुलपातच राहिला.

लॉकर कंपनीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो उरणला दुसऱ्या कामावर. म्हणाला, "मंगळवारी बघू."

बातमी गव्हाणला पोचायला वेळ लागला नाही. तासाभरात आजींचे पुतणे, भाचे असे सहा जण शाखेत हजर. "आमाला आताच्या आता पायजेल! बँक कशाला हाय मंग?" सगळ्यांचे आवाज एकाहून एक मोठे. त्यात आजींच्या सुनेचा फोन आला. तो संपल्यावर आजी कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसल्या.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी पोचून शब्बाथचे, शनिवारच्या विसाव्याचे, दिवे लावायचे, हा त्यांचा नेम बावीस वर्षांत मोडलेला आम्ही पाहिला नव्हता. त्यांनी चाव्या कमरेला नीट खोचल्या आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, लॉकर फोडायची परवानगी मुख्य कार्यालयाकडून आजच्या आज मेलवर हवी. हे तुमचंच काम. एकदा तोंड उघडा, पुढचा नाही म्हणणार नाही."

मग त्या आरडाओरडा करणाऱ्या सहा जणांकडे वळल्या. मला वाटलं, आता जुंपणार. "तुमच्याकडे गाड्या आहेत ना? मेकॅनिक उरणहून निघाला की गव्हाण फाट्यावरूनच जाणार. सगळे फाट्यावर उभे राहा. तो तिथून निसटता कामा नये." सहाही जण हुकूम मिळाल्यासारखे धावले. शाखेत एकदम शांतता झाली. गार्डकाकांना त्यांनी मेकॅनिकच्या ड्रिलसाठी वायर आणि दिवा आत ओढून घ्यायला लावला.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू आजींजवळ बस."

"बसून काय करू?"

"बस."

बसले. आजींनी माझं मनगट धरलं. "बाय, सून बोलते, म्हातारीला माल द्यायचीच नव्हती, म्हनून मुद्दाम चावी मोडली. माज्या तोंडावर बोलते गो." त्या तीनदा उठल्या. "मी जाते कुटंतरी. घरी जायाचं नाय मला." तिन्ही वेळा मी त्यांना खाली बसवलं. पाणी दिलं. मग त्यांना नातीबद्दल विचारलं. ती लहानपणी कशी होती, नवरा मुलगा काय करतो, हळदीला किती माणसं येणार. बोलता बोलता आजी सासूबद्दल सांगू लागल्या, माळ पहिल्यांदा गळ्यात पडली त्या दिवसाबद्दल सांगू लागल्या. चार तास माझं मनगट त्यांच्या हातात होतं. माझे कितीतरी कागद टेबलावर तसेच पडून राहिले.

साडेचारला बाहेरून हॉर्नचा कल्लोळ ऐकू आला. मेकॅनिक आला होता. पुढे दोन मोटरसायकली, मागे दोन, मध्ये बिचारा स्कूटरवर, नवरदेवासारखा. "मॅडम, मला काय धरून आणलंय की काय!" तो म्हणाला आणि हसायला लागला. साहेबांनी मागितलेली परवानगीही तेवढ्यात येऊन पडली होती.

ड्रिल हातात घेऊन मेकॅनिकनं विचारलं, "लॉकर ज्यांचा, त्या कुठे आहेत? त्यांची सही आणि त्या समोर उभ्या असल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"इथे आहेत," मी म्हटलं. आजींना हाताला धरून आत नेलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या निघून गेल्या असत्या, तर साहेबांची परवानगी, फाट्यावरची फौज, गार्डकाकांची वायर, सगळं वाया होतं. मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी दुसऱ्या हाताचं दुसरं बोट, सातवं, मिटलं.

सव्वापाचला दार उघडलं. आजींनी माळ बाहेर काढून कपाळाला लावली. मग मला सुनेला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, माळ कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "बघ. नि आता हलदीच्या कामाला लाग." गार्डकाकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या.

"मॅडम, सूर्य!" मी ओरडले. रिक्षा शोधण्यात वेळ गेला असता. आजींच्या पुतण्यानं मोटरसायकल दारात आणली. साठीच्या उंबरठ्यावरच्या आमच्या मॅडम जन्मात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसल्या, पर्स छातीशी धरून, मागेपुढे गव्हाणच्या पोरांचा ताफा. कोपऱ्यावर वळताना त्यांनी मागे वळून आम्हाला हात केला. दिवे वेळेत लागले, असं दुसऱ्या दिवशी भेटल्यावर म्हणाल्या.

शनिवारी रात्री हळदीला आम्ही सगळे गेलो, शब्बाथ संपल्यावर मॅडमही आल्या. आजींनी त्यांना मांडवात आपल्या शेजारी बसवलं, आणि मी पाहिलं, मॅडम आजींसमोर बोटं मिटत होत्या.

पुढच्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि लेकीकडे जायला निघाल्या. निरोपाच्या चहाला मी विचारलं, "मॅडम, सगळ्यांना सांगितलंत कोण कोण ते. तुम्ही कोण?"

"मी त्यांच्यात नाही गं," त्या म्हणाल्या. "मी वाचणारी. वाचणारा तो आठवा. त्याच्याशिवाय त्या सातांना तट तरी कसा ओलांडता येणार?"

आता लॉकरच्या टेबलावर नवे अधिकारी बसतात. भले गृहस्थ आहेत, लॉकर चटकन उघडून देतात. लोकही पाच मिनिटांत निघून जातात.

मॅडम अधूनमधून व्हिडिओ कॉल करतात. तिकडे इमारतीखालच्या बाकावर त्यांच्या वयाच्या चार बायका जमतात, सगळ्या कोकणातून गेलेल्या. त्यांना मॅडम तीच कादंबरी मराठीतून सांगताहेत. मागच्या खेपेला त्यातल्या एका बाईंनी फोन मॅडमच्या हातातून काढूनच घेतला. म्हणाल्या, "मी ओव्याची. पन्नास वर्षं झाली येऊन. आमच्या घरामागे एक चिंच होती. आहे का गं अजून?"

रविवारी मी करंजाड्याच्या माझ्या घरून पनवेलजवळच्या ओव्याला गेले. टॉवरांच्या मधून वाट काढत जुन्या गावात पोचले. दोघातिघांना विचारलं. एका घरामागे चिंच होती. तीच की दुसरी, कोण सांगणार? फोटो काढून पाठवला.

संध्याकाळी आवाजी निरोप आला. चौघीजणी एकदम बोलत होत्या. एक म्हणत होती तीच चिंच, दुसरी म्हणत होती छे, ती रस्त्याच्या अलीकडे होती, तिसरी कोणाला तरी चष्मा आणायला सांगत होती. मॅडमचा आवाज त्यात शोधावा लागला. मी पुन्हा लावून ऐकलं. त्या मागे कुठेतरी होत्या, आणि नुसत्या हसत होत्या.