बोंजू म्हणा, मग बसा

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आमच्या कॅम्पस बसचा ड्रायव्हर हैतीचा होता आणि महाखडूस होता. चढताना 'बोंजू', म्हणजे त्यांच्याकडचा नमस्कार, म्हटला नाही तर गडी बस सोडायचाच नाही. बर्फ पडत असला तरी दार सताड उघडं ठेवून आरशात बघत बसायचा. एकदा तर एका प्रोफेसरलाही त्याने उतरवून पुन्हा चढायला लावलं. आम्ही मराठी पोरं त्याला तोंडावर काका म्हणायचो, पाठीमागे हेडमास्तर.

त्याची मुलगी आमच्याच युनिव्हर्सिटीत शिकायची. मैत्रिणींसमोर बापाची ओळख नको म्हणून चार वर्षं नुसतं 'हाय' पुटपुटून मागे जाऊन बसायची. तिला तेवढ्यावर माफ! आम्ही चडफडायचो.

ग्रॅज्युएशनच्या दिवशी ती गाऊन घालून चढली आणि भरल्या बसमध्ये खणखणीत म्हणाली, "बोंजू, पापा!"

हेडमास्तर दार उघडं ठेवून तिच्या गाऊनकडेच बघत राहिले. आम्ही मागून ओरडलो, "काका, रूल म्हणजे रूल! बोंजू म्हणा, नाहीतर बस हलायची नाही!"

त्याने खाडकन दार लावलं आणि मधला एकही स्टॉप न घेता बस थेट तिच्या समारंभाच्या दारात नेली. माझा स्टॉप केव्हाच मागे पडला होता, पण बेल वाजवायची कुणाची बिशाद होती?